खरमोर मोजायचाय तर आधी ऐका

संपादक साहेब, स.न.वि.वि.

खरमोराच्या गणतीची बातमी आपल्या पेपरात वाचली नि राहवलं नाही म्हणून लिहितोय. खरमोर म्हणजे आपला तणमोर, गवताळ माळावरचा पक्षी, पण इंदुरात सगळे खरमोरच म्हणतात. पावसाळ्यात धारच्या सरदारपूरला नि रतलामच्या सैलान्याला येतो, दोन्ही अभयारण्यं १९८३ ची, आणि तरी पक्षी इतका कमी झालाय की काळजी वाटते. मोजायचं कसं, तर माणसं माळावर उभी राहून बघणार. गवत कमरेएवढं, पक्षी कोंबडीएवढा, नर उडी मारेल तेव्हाच काय तो दिसणार, मादी तर दिसतच नाही.

दोन वर्षांपूर्वी भाच्याबरोबर सरदारपूरला गेलो होतो. बांधावर चिखलात उभे, बाभळीपलीकडून टर्र टर्र येत होतं, मी बेडूकच समजत होतो. तेवढ्यात भाच्याने माझा हात दाबला, समोर काळा-पांढरा नर गवतातून सरळ माणसाएवढा वर उडाला, पंखांची फडफड, पुन्हा तेच टर्र, अन् गायब. दीड तासात दिसला एकदा, आवाज मात्र किती वेळा आला!

म्हणून म्हणतो, तिथे साउंड रेकॉर्डर लावा. ऑडिओमॉथ नावाचं यंत्र तळहातात मावतं, तीन पेन्सिल सेलवर चालतं, ठरल्या वेळी आपोआप सुरू होऊन मेमरी कार्डावर साठवतं. ऑस्ट्रेलियात नाइट पॅरट म्हणून रात्री फिरणारा पोपट आहे, कित्येक दशकं कुणाला धड दिसला नव्हता, तिथल्या आदिवासी रेंजर्सनी वाळवंटात असेच रेकॉर्डर लावले आणि त्यांच्या एका भागातच ५० पर्यंत पक्षी असावेत असा अंदाज २०२४ मध्ये जाहीर झाला.

आपल्याकडे अडचण पावसाची. रेकॉर्डरच्या डब्यावर थेंब वाजणार, खऱ्या बेडकांचा गोंगाट, आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर फसणार, त्यामुळे जाणत्या कानाने तपासावंच लागेल. शिवाय एकच नर दिवसात शेकडो उड्या मारतो, तेव्हा शंभर आवाज म्हणजे शंभर पक्षी नव्हेत, आणि मादी यात येणारच नाही. पण नर कुठल्या माळावर आलाय, कधी आला, किती दिवस टिकला हे तरी नक्की कळेल, मग गणतीची माणसं नेमकी तिथेच पाठवता येतील.

शेतात लावायचा तर शेतकऱ्याला आधी विचारा, आणि त्यात माणसांचं बोलणं आलं तर पुसून टाका. डबे जूनमध्येच लागायला हवेत, पाऊस सुरू झाल्यावर धावपळ नको.

आपला एक वाचक,
रामबाग, इंदूर