माळवदाचे खांब विकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या दगडी घरांवरचा लेख वाचला. फोटो छान होते. पण कौतुक सगळं दारांचं, कोनाड्यांचं आणि खांबांवरच्या नक्षीचं. शेवटी तर हे खांब आता शहरातल्या हॉटेलांची शोभा वाढवताहेत म्हणून लेखकाने समाधानही मानलं आहे. खांब हॉटेलात गेल्यावर मागे गावात काय उरतं, ते लेखात आलं नाही. आमच्या धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात ते रोज डोळ्यांपुढे आहे, म्हणून हे पत्र.

आमच्याकडचं शेतकऱ्याचं जुनं घर रस्त्यावरून पाहिलं तर नुसती काळ्या दगडाची भिंत. खिडकी जवळपास नाहीच, दार एकच. आत शिरलं की ढेळज, म्हणजे दाराआतली पडवी, मग उघडा चौक, एका अंगाला बैलांची दावण, समोर ओसरी आणि तिच्यामागे अंधारं माजघर. माजघरात उजेड येतो तो वरून, माळवदाला म्हणजे मातीच्या सपाट छपराला ठेवलेल्या साण्यातून, म्हणजे झरोक्यातून. वर वाळत घातलेली ज्वारी त्याच साण्यातून खाली सोडायची. कोकणात जांभ्याच्या घरावर उतरतं छप्पर लागतं, कारण तिथला पाऊस वेगळा. आमच्याकडे पाऊस बेताचा, ऊन मात्र रग्गड. म्हणून सपाट माळवद आणि दोन-तीन फूट जाडीची भिंत. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना माजघरात दुपारची झोप लागते ती या भिंतीमुळे.

आता मुद्द्याचं. भिंत एवढी जाड, तेव्हा छप्पर तीच पेलत असणार असं बघणाऱ्याला वाटतं. नीट बांधलेल्या घरात तसं नसतं. छप्पर पेलतात लाकडी खांब. खांबावर तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, तिच्यावर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, पाटावर कडुलिंबाचा पाला आणि त्यावर पांढरी माती. काळी माती चालत नाही, ती पाण्याने फुगते आणि उन्हाने तडकते. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर केवढं हे विचारलं तर उत्तर खणांतच मिळायचं. दगडी भिंत ही या सांगाड्याभोवतीची कूस, म्हणजे नुसतं कुंपण. आणि ती कूससुद्धा दोन पदरी असते. बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड, मध्ये कपच्या आणि मातीची भर. दोन्ही पदर एकमेकांना धरून ठेवायला मध्ये मध्ये आरपार जाणारा लांब दगड हवा. इंजिनिअर त्याला थ्रू स्टोन म्हणतात. बहुतेक घरांत तोच नसतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात याचीच किंमत मोजावी लागली. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी आणि आसपासच्या गावांत भिंतींचे पदर सुटले आणि झोपलेल्या माणसांवर कोसळले. वर मातीचा बोजा होताच. माळवद गळलं की पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, पण जुनी कोणी खरवडत नाही. थर फुटावर जातो, कुठे कुठे दोन फुटांवर. दहा बाय दहाच्या खणावर फूटभर माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास वजन झालं. पण नंतर पाहणी करणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. कित्येक घरांत चारही बाजूंच्या भिंती पडल्या होत्या आणि मधला खांब-तुळयांचा सांगाडा जागेवर उभा होता.

आज नेमका हाच सांगाडा विकला जातो आहे. आमच्या शेजारच्या गावातलं पाच खणांचं एक घर अलीकडेच उतरवलं. व्यापाऱ्याने सागवानी खांब, तुळया, चौकट, सगळं टेम्पोत भरून नेलं. भिंती राहिल्या. मालक म्हणाले, ‘एवढा दगड कशाला पाडायचा, चांगली भक्कम आहे भिंत.’ आणि मातीत रचलेल्या त्याच भिंतींवर पाच इंची स्लॅब ओतला. स्लॅब जुन्या मातीपेक्षा हलका हे खरं. दहा बाय दहाला तीन टनांच्या आत-बाहेर. पण माती खांबांवर होती, स्लॅब आता सुट्या पदरांच्या भिंतीवर टेकलाय. किल्लारीच्या आधीचं घर यापेक्षा बरं होतं, असं मी म्हणेन.

मालकाला दोष देऊन भागणार नाही. सरकारच्या घरकुल योजनेत मातीचं छप्पर म्हणजे कच्चं घर, आणि मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार. तेही किमान २५ चौरस मीटरच्या नव्या घरासाठी. तेवढ्यात भागत नाही, मग खांब बाजारात जातात. जुन्याची डागडुजी करायची म्हटलं तर या योजनेत त्यासाठी छदाम नाही.

डागडुजीचं शास्त्र आपल्याकडे आहे. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनात घरं मजबूत करण्यासाठी पैसे दिले होते. अनेकांनी त्यात जुन्या घराला लागून विटांची नवी खोली बांधली. दगडाची धास्तीच तशी बसली होती, कोणाला बोलणार? पण मजबुतीकरणाची सांगितलेली पद्धत चुकीची नव्हती. माळवदाची जादा माती उतरवायची. खांब आणि तुळई जुळतात तिथे तिरपे आधार ठोकायचे. भिंतीतला एखादा दगड हलक्या हाताने काढून, आरपार भोक करून, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर बांधले जातात. नव्या दगडी भिंतीसाठी १९९३ च्याच भारतीय मानक १३८२८ मध्ये आरपार दगड उंचीत दर ६० सेंटीमीटरला आणि लांबीत १.२ मीटरच्या आत घ्यावा असं सांगितलं आहे. गावातल्या गवंड्याला अर्ध्या दिवसात समजेल असं हे काम आहे.

तेव्हा घरकुलाच्या याद्या करणाऱ्यांनी खांब शाबूत असलेल्या माळवदाच्या घरांना ‘नवं बांधा’ एवढाच पर्याय न देता, त्याच अनुदानात मजबुतीकरणाची मुभा द्यावी. जिल्हा परिषदेचा इंजिनिअर येऊन भिंत बघून जाईल एवढी सोय व्हावी. आपल्या पुरवणीनेही पुढच्या वेळी नक्षीच्या फोटोशेजारी आरपार दगडाची एक साधी आकृती छापावी. आणि ज्यांना खांब विकायचेच आहेत त्यांनी खुशाल विकावेत, पण मग भिंतीही उतरवाव्यात आणि पायापासून नवं बांधावं.

आपला,
एक वाचक
ता. तुळजापूर, जि. धाराशिव