काका, तुमच्यामुळे 1981 ची मायको घरी आली

आदरणीय काका,
सा. न.

फोनवर आभार मानले खरे, पण मन भरलं नाही, म्हणून हे पत्र.

मायको 490, म्हणजे ती जुनी जर्मन मोटोक्रॉसची मोटरसायकल, घ्यायची हे ठरलं होतं. 1981 ची की 1982 ची, यावर घोडं अडलं होतं. दोन्ही गाड्या श्टुटगार्टजवळ विकायला होत्या. विकणारा म्हणे, "एका वर्षानं काय फरक पडतो? नवी घ्या." ज्या वर्कशॉपला तपासणीचे पैसे मोजले, त्यांनी तर गाडीला हातही न लावता भलंमोठं कोटेशन पुढे केलं. त्यांचा राग अजून गेलेला नाही.

आणि तुम्ही? धड ओळख नसताना ट्युबिंगेनहून भर थंडीत आलात. आल्या आल्या एवढंच विचारलंत, "चालवायची आहे, की हॉलमध्ये ठेवायची?" मी म्हटलं, चालवायची, जुन्या गाड्यांच्या शर्यतीत. मग 1982 ला मायकोनं मागचे दोन शॉक (धक्के झेलणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) काढून मधोमध एकच बसवला आणि 1983 ला कंपनीचं दिवाळं निघालं, हे सगळं सांगितलंत. दोन शॉकवाल्यांचा गट वेगळा असतो, 82 ची गाडी त्यात बसणार नाही, हेही. तेवढ्यावर निकाल लागलाच होता. पण तुम्ही तिथं थांबला नाहीत.

81 ची गाडी स्टँडवर चढवलीत, गार फरशीवर गुडघे टेकलेत आणि माझा हात धरून मागच्या चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, ठेवलात. दुसऱ्या हातानं चाक आडवं हलवलंत. बोटांना बारीकसा खट् जाणवला. "सांध्यातले बुश झिजलेत. चिमटा सरळ आहे. घाबरू नकोस." नुसतं तोंडानं सांगितलं असतंत तरी मी विश्वास ठेवला असता, पण माझ्या हाताला ते कळावं असं तुम्हाला वाटलं. पैसे खर्च करणाऱ्याला आपण काय घेतोय ते समजलं पाहिजे, एवढी साधी माणुसकी त्या दुकानदारांकडे नव्हती. ती असणारी माणसं आहेत, म्हणून परक्या मुलखातही आपलं कुणीतरी आहे असं वाटतं.

निघताना पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत, उलट काकूंनी दिलेला चिवडा माझ्या हातात ठेवलात.

बुश आलेत, क्रँकचे सीलही आलेत. इंजिन खोलायला बसेन तेव्हा तुम्ही समोर हवे आहात. काकूंनाही घेऊन या, जेवण आमच्याकडे.

तुमचा,
श्टुटगार्टचा पुणेकर