आता रोज संध्याकाळी मॅच आहे

बॉस्टन, मार्चअखेर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू नेहमी विचारतेस, "ऑफिसातून आल्यावर काय करतेस गं एकटी?" आता सप्टेंबर संपेपर्यंत ही काळजी अजिबात करू नकोस. बेसबॉलचा सीझन सुरू झालाय! तुम्हाला दोघांना हे सविस्तर सांगायचं कधीपासून मनात होतं. फोनवर औषधं, लाइटबिल आणि मावशीकडचं लग्न यातच वेळ जातो, म्हणून पत्र.

इथला हिवाळा तुम्ही पाहिलेला नाही. डिसेंबरात साडेचारच्या आत दिवस मावळतो. बर्फ उपसायचं, जेवायचं, झोपायचं. अशात फेब्रुवारीत एक दिवस येतो, त्याला इथे 'ट्रक डे' म्हणतात. आमच्या रेड सॉक्स संघाचं सगळं सामान, बॅटी, हजारो चेंडू, हेल्मेटं, एका मोठ्या ट्रकमध्ये भरून फेनवे पार्क या घरच्या मैदानावरून फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला सरावासाठी निघतं. सुमारे दीड हजार मैलांचा रस्ता. आणि त्या ट्रकला निरोप द्यायला माणसं थंडीत टोप्या-मफलर घालून उभी असतात. आळंदीहून पालखी निघावी तसा उत्साह असतो बघा. खेळाडू एकही नाही, नुसता ट्रक! पण तो निघाला की हिवाळ्याचे दिवस भरले, हे सगळ्यांना कळतं. यंदाही मी गेले होते आणि हात दुखेपर्यंत हलवला.

मला हा खेळ इतका का आवडतो सांगू? तो रोज असतो. क्रिकेटची मालिका येते, गाजते आणि संपते. इथे एक संघ सीझनमध्ये 162 मॅच खेळतो, त्यातल्या 81 घरच्या मैदानावर. महिन्यात मोकळे दिवस जेमतेम चार-पाच. सातच्या सुमारास कुकर लावायचा, रेडिओ लावायचा, पोळ्या होईपर्यंत दुसरी इनिंग संपलेली असते. हो, रेडिओच. बाबा, तुम्ही ट्रान्झिस्टर कानाशी धरून बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकायचात, तेव्हा घरात कुणी मोठ्याने बोललं तर तुमचा हात वर व्हायचा. माझाही आता तसाच वर होतो.

मॅच ऐकताना मी वहीत स्कोअर लिहिते. क्लबच्या मॅचची तुमची स्कोअरबुकं आठवतात ना, बारीक टोकाच्या पेन्सिलीने लिहिलेली? ही पद्धत तुम्हाला फार आवडेल. मैदानावरच्या प्रत्येक जागेला ठरलेला आकडा आहे. चेंडू टाकणारा पिचर 1, बॅटरमागे तो झेलणारा कॅचर 2, पहिल्या बेसवरचा (बेस म्हणजे पळत गाठायचा टप्पा) 3, दुसऱ्यावरचा 4, तिसऱ्यावरचा 5, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये उभा राहतो तो शॉर्टस्टॉप 6. समजा पहिल्या बेसवर एक जण उभा आहे. बॅटरने चेंडू जमिनीलगत शॉर्टस्टॉपकडे मारला, त्याने तो दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून लगेच पहिल्या बेसवर गेला आणि चेंडू पळणाऱ्यांच्या आधी पोचल्यामुळे दोघंही बाद. एवढ्या धावपळीसाठी वहीत लिहायचं फक्त 6-4-3. हुकलेला किंवा सोडून दिलेला चांगला चेंडू म्हणजे स्ट्राइक, तीन झाले की बाद. तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून चुकला तर इंग्रजी के लिहायचा. चेंडू नुसता बघत राहिला तर तोच के उलटा काढायचा. गेल्या सीझनच्या वह्या काढून बसले की जुलैतली एखादी संध्याकाळ पूर्ण डोळ्यांसमोर येते.

आणि बाबा, रेड सॉक्सचे जुने बॅटर टेड विल्यम्स यांच्याबद्दल ऐका. इथे दहा संधींत चार फटके यशस्वी झाले की सरासरी .400. 1941 च्या सीझनच्या शेवटच्या दिवशी त्यांची सरासरी .39955 होती, म्हणजे तीन दशांशस्थळांपर्यंत .400. बाकावर बसून राहिले असते तरी विक्रम पदरात होता आणि मॅनेजरने तशी मुभाही दिली होती. ते मात्र खेळले. एकाच दिवसात दोन मॅच, आठपैकी सहा फटके यशस्वी, सरासरी .406. त्यानंतर इथल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये कुणालाच सीझनभरात .400 गाठता आलेलं नाही. ब्रॅडमनच्या 99.94 बद्दल तुम्ही ज्या आदराने बोलता, तसंच इथली म्हातारी माणसं या आकड्याबद्दल बोलतात.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी त्यातल्याच. मॅच असली की त्यांच्या आणि माझ्या घरात एकच आवाज असतो आणि होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) झाला की त्या खालून काठीने छतावर ठोकतात. रेड सॉक्स 1918 नंतर थेट 2004 मध्ये विजेते झाले. 86 वर्षं! त्यातही आधी न्यूयॉर्कच्या यांकीज संघाविरुद्ध पहिल्या तिन्ही मॅच हरून, मग ओळीने चार जिंकून. त्या वर्षी लोकांनी आपल्या आईवडिलांच्या थडग्यांवर संघाच्या टोप्या आणि झेंडे नेऊन ठेवले. आजींनीही वडिलांसाठी टोपी नेली होती. हे सांगताना त्यांचा आवाज अजून भरून येतो, आणि माझाही ऐकताना.

फेनवे पार्क 1912 चं आहे, आपल्या वानखेडेच्या 62 वर्षं आधीचं. डावीकडे 37 फूट उंच हिरवी भिंत आहे. तिच्या आत माणसं बसलेली असतात आणि धावांच्या पाट्या हाताने बदलतात. पाटी बदलली की फटीतून मागचा हात क्षणभर दिसतो. इतक्या पडद्यांच्या आणि दिव्यांच्या जमान्यात तो हात बघितला की मला अतिशय बरं वाटतं. उन्हाळ्यात तुम्ही आलात की त्या भिंतीसमोर बसूया. आई, जिने फार नाहीत अशी जागा मी बघून ठेवली आहे, आणि मॅचही आता पूर्वीइतकी लांबत नाही. 2023 पासून पिचरला सेकंद मोजून चेंडू टाकावा लागतो, त्यामुळे अडीच-पावणेतीन तासांत आटोपते.

तोवर एक करा. एरवी इथे मॅच सुरू होते तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे साडेचार असतात. पण एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी इथे पेट्रियट्स डेची सुट्टी असते. त्याच दिवशी बॉस्टन मॅरेथॉन, म्हणून मॅच सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ. जेवणं लवकर उरका आणि व्हिडिओ कॉलवर या. मी फोन टीव्हीसमोर ठेवते. बाबा, जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल घेऊन बसा, चौकटी कशा आखायच्या त्याचा कागद सोबत जोडला आहे. आई, "हा आता कशाला पळाला?" असं तू दर वेळी विचार. मी दर वेळी सांगेन.

बाबांच्या गोळ्या संपत आल्या असतील, त्या आधीच आणून ठेवा.

तुमची,
मनू