वार पडल्यावर शुगर कुठे जाते?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

माझ्या मोठ्या मुलीचं लसीकरण कार्ड मी अजून जपून ठेवलं आहे. सहाव्या आठवड्याच्या लशींपुढे तारीख आहे, शिक्का आहे. त्याच सुमारास माझ्याही रक्तातल्या शुगरची एक तपासणी व्हायला हवी होती, हे मला तीन वर्षांनी कळलं. तेव्हा मी दुसऱ्यांदा गरोदर होते, आठवा आठवडा चालू होता आणि मधुमेह कधीचा मुक्कामाला आलेला होता.

पहिल्या खेपेला माझ्यावर बारीक लक्ष होतं. सव्विसाव्या आठवड्यात 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासणी झाली. उपाशीपोटी शुगर 92च्या आत हवी, माझी 97 निघाली. म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. ‘गोड फार खाल्लंस’ म्हणणारे भेटलेच. खरं कारण एका नर्सताईंनी सांगितलं. वार म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव. तिच्यातल्या संप्रेरकांमुळे आईचं इन्सुलिन, म्हणजे शुगर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक, कमी पडायला लागतं. ज्यांचं स्वादुपिंड ती तूट भरून काढू शकत नाही, त्यांची शुगर वाढते. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जादा इन्सुलिन बनवतं, अंगानं वाढतं, आणि नाळ कापल्यावर त्याचीच साखर एकदम घसरू शकते.

हे कळल्यामुळे रोज चार वेळा बोट टोचणं सोपं झालं असं नाही, पण चिडचिड कमी झाली. आता शुगर इथे ठेवायची होती: उपाशीपोटी 95च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी 120च्या आत. पथ्य आणि चालणं करूनही आकडे हटेनात तेव्हा इन्सुलिन सुरू झालं. (घरच्यांना वाटलं, प्रकरण हाताबाहेर गेलं. उलट, ते वार ओलांडत नाही म्हणून तर देतात.)

बाळंतपण झालं, वार पडली, आणि दुसऱ्या दिवशी माझी शुगर नॉर्मल. ‘सुटलात!’ सगळे म्हणाले. डिस्चार्जच्या कागदावर बाळाची पुढची तारीख होती, माझ्या टाक्यांची होती. शुगरबद्दल एक ओळ नव्हती.

महोदय, गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सातपटीहून जास्त असतो, असं 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणात दिसलं होतं. म्हणून बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत पुन्हा ग्लुकोज पिऊन तपासणी करायची असते, आणि ती चांगली आली तरी दर एक ते तीन वर्षांनी शुगर बघायची असते. नियम कागदावर आहे. तो पाळून घेण्याचं काम कोणाचं, हे मात्र ठरलेलं नाही. प्रसूती विभागाच्या लेखी मी मोकळी झालेली, मधुमेहाच्या ओपीडीच्या लेखी मी त्यांची पेशंटच नाही, आणि बालरोग विभाग बाळाकडे बघतो.

दुसऱ्या खेपेला याची किंमत समजली. बाळाचं हृदय, मणका पहिल्या आठ-दहा आठवड्यांतच आकार घेतात. तेव्हा शुगर जास्त असेल तर व्यंगाचा धोका वाढतो. म्हणजे ती आधीच आटोक्यात आणून मग दिवस जाऊ द्यायचे. मला मधुमेह आहे हेच ठाऊक नव्हतं, मी काय आटोक्यात आणणार? बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी होईपर्यंतचे ते आठवडे मी कसे काढले, ते लिहीत नाही. मुलगा ठणठणीत आहे.

बायका बाळंतपणानंतरच्या या तपासणीला येत नाहीत, अशी तक्रार असते. उपाशीपोटी, अपुऱ्या झोपेत, अंगावर पिणारं बाळ घेऊन, दोन तास बसण्यासाठी कोण वेगळी खेप घालील? पण बाळाच्या लशीला त्या येतातच. तर त्याच सकाळी आईला उपाशीपोटी बोलवा. आल्या आल्या रक्त घ्या, ग्लुकोज पाजा, बाळाला टोचा. लशीनंतर थोडा वेळ थांबायचं असतंच, ते दोन तासांपर्यंत लांबेल. बसायला खुर्ची आणि पाजायला आडोसा द्या. मग दुसरं रक्त. एचबीएवनसीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीवर, भागवू नका. बाळंतपणातल्या रक्तस्रावानंतर तो आकडा फसवा असू शकतो.

नवीन योजना, नवीन कक्ष, उद्घाटन यातलं काही मागत नाही. लसीकरण कार्डावर सहाव्या आठवड्याच्या ओळीशेजारी जागा मोकळी आहे. मी बघितलं आहे, तिथे एक तारीख आणि दोन आकडे मावतात.

आपली,
दोन मुलांची आई