शेंडा खुडू की राहू देऊ?

लश्कर, ग्वाल्हेर
२७ जानेवारी

प्रिय विन्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही, माहीत आहे. शिव्या फोनवर दे, आधी हे वाच. आईचा गुडघा आहे तसाच, माझी साखर ठीक.

ब्रसेल्स स्प्राउट्स लागले! मागच्या अंगणात, तू "साहेबाची भाजी चंबळच्या मातीत कशाला रुजते" म्हणाला होतास, तीच. सरळसोट खोड आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात चिमुकल्या कोबीसारखा एकेक गड्डा. तळाचे सुपारीएवढे झालेत, वरचे अजून बारीक. बोटाने दाबून पाहिले, घट्ट आहेत. सगळं त्या घट्टपणावर आहे रे. उकाडा सुरू झाला की पानं सुटतात आणि चव कडवट होते.

रोपं ऑगस्टअखेर ओसरीतच केली, पावसाच्या माऱ्यातून वाचवून. दसऱ्याच्या सुमारास दोन-दोन फुटांवर लावली, बुडाशी माती टाचेने दाबली, बांबूचा आधार दिला. झाड उंच जातं, वाऱ्याने हललं तर मुळं पकडच घेत नाहीत. शेणखत भरपूर लागतं, अगदी आपल्या बंडूकाकांसारखी भूक! पुढचं काम इथल्या हिवाळी मेळ्याच्या दिवसांतल्या थंडीने केलं. आम्ही रजईत कुडकुडत होतो, आणि यांचं चांगलं चाललं होतं.

मध्ये मावा ही कीड आली. इथे चहूकडे मोहरी, त्यात दोन दिवस ढग, मग काय! पानांच्या पोटाशी राखाडी थर. पाण्याच्या फवाऱ्याने धुतला, नंतर निंबोळी तेल मारलं. तळाची पिवळी पानं काढून टाकली, आता हवा खेळते.

खरा घोर शेंड्याचा आहे. शेंडा खुडला की झाडाचा वर वाढायचा जोर गड्ड्यांकडे वळतो आणि ते साधारण एकदमच भरतात. नाही खुडला तर खालून वर सावकाश तयार होतात, पुष्कळ दिवस तोडता येतात. विलायतेत थांबणं परवडतं, तिथे थंडी आहे. इथे होळीला पंखा लागतो. म्हणजे खुडायलाच हवा. कात्री घेऊन रोज संध्याकाळी उभा राहतो आणि आत येतो. ही म्हणते, "भाजी आहे, मुंज नाही."

तू हसशील, कारण शेवंती. शाळेच्या प्रदर्शनाआधी माझ्या कुंडीचे सगळे शेंडे तू न विचारता खुडलेस आणि मी दिवाळीच्या फराळालाही तुमच्याकडे आलो नाही. बक्षीस मिळालं ते मिळालं. विचारायला हवं होतंस, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. पण यंदा विचारतोय मीच: सगळ्यांचे खुडू, की निम्म्यांचे ठेवून बघू? निम्म्यांकडे माझा कल आहे. तू "सगळे" म्हणशील आणि पुन्हा भांडण होईल.

चिंगीच्या ॲडमिशनचं काय झालं? नवं घर मिळालं का? वहिनींना नमस्कार. त्यांना सांग, हे गड्डे पाण्यात उकळत ठेवायचे नाहीत, गंधकासारखा वास सुटतो. उभे दोन तुकडे करून कढईत मोहरी-हिंगाच्या फोडणीवर कापलेली बाजू लाल होऊ द्यायची, वर ओलं खोबरं.

उत्तर व्हॉट्सॲपवर दिलंस तरी चालेल, पण या आठवड्यात दे. दुपारी ऊन चटकायला लागलंय.

तुझा,
बाळ्या