बाबांच्या खात्यावरची कादंबरी

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पुस्तकाचं पार्सल या पत्राआधी पोचलं असेल, तर बाबांनी मुखपृष्ठ बघून ते टीव्हीच्या कपाटावर ठेवून दिलं असणार. 'जादूगार, भुतं, राक्षस... या वयात?' बाबा, तुमचा हा शेरा मला इथे बसून ऐकू येतोय. म्हणून आधी एवढंच सांगते: ही कादंबरी तुमच्या पोस्टखात्यावर आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पोस्ट, टपाल आणि बटवडा.

नाव 'गोइंग पोस्टल', लेखक टेरी प्रॅचेट, साल 2004. त्याच्या डिस्कवर्ल्ड मालिकेत 41 कादंबऱ्या आहेत आणि ही तेहेतिसावी. आधीच्या बत्तीस वाचायची काही गरज नाही. त्याचं जग चपटं आहे, ते चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका अवाढव्य कासवावर. आई म्हणेल, हे तर आपल्याकडचंच. खरंच आहे ते. विलायतेतही ही कल्पना हिंदूंची म्हणूनच सांगत आले आहेत. पण या पुस्तकात कासवाचं काही काम नाही, त्यामुळे त्याला नमस्कार करून पुढे जा.

गोष्ट अशी. मॉइस्ट फॉन लिपविग नावाचा एक पट्टीचा भामटा. त्याला भर चौकात फाशी होते आणि नंतर तो चक्क जागा होतो. समोर अँख-मॉरपॉर्क शहराचा सर्वेसर्वा व्हेटिनारी बसलेला. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, म्हणूनच सगळे त्याला टरकून असतात. तो म्हणतो, बंद पडलेलं पोस्ट चालू करून दाखव. नको असेल तर ते दार आहे, खुशाल जा. दारापलीकडे जमीनच नाही. असा नेमणुकीचा हुकूम तुमच्या खात्यातही कुणाला मिळाला नसेल!

पोस्टात काय आहे? दालनं भरून, जिने अडवून बसलेली न वाटलेली पत्रं आणि त्यांच्यावर कबुतरांची घाण. दारावरच्या ब्रीदवाक्यातली काही अक्षरं चोरीला गेलेली, ती पुढे एका केशकर्तनालयाच्या पाटीवर सापडतात. कर्मचारी दोनच. एक स्टॅन्ली, ज्याला टाचण्या जमवायचा नाद आहे. दुसरे ग्रोट आजोबा, जे म्हातारे झाले तरी अजून 'ज्युनियर पोस्टमन'च, कारण बढती द्यायला वर साहेबच उरलेला नाही. बाबा, इथे तुम्ही पुस्तक मिटून पोट धरून हसणार आणि मग आईला चार-पाच जणांची नावं घेऊन किस्से ऐकवणार.

बटवडा राहिलेलं टपाल झोपू देत नाही, असं तुम्ही म्हणायचात. तुम्ही ते म्हणण्यापुरतं म्हणत होतात. प्रॅचेटने ते शब्दशः घेतलंय. ती साठलेली पत्रं खरोखर कुजबुजतात, आम्हाला पोचवा म्हणतात. जादू म्हणतात ती बव्हंशी एवढीच. एक पत्र कित्येक वर्षं उशिरा पोचतं. तरुणपणी मागणी घातलेल्या मुलीचं उत्तर त्या माणसाला कधी मिळालंच नव्हतं. आता तो म्हातारा झालाय. पुढचं सांगत नाही. आई, हा भाग तू वाच आणि बाबांना वाचून दाखव, त्यांचा चष्मा तोवर नक्की कुठेतरी हरवलेला असेल.

पण मी हे पुस्तक सगळ्यांना घ्यायला लावते ते वेगळ्याच एका पानासाठी. भामट्यावर पहारा ठेवायला मिस्टर पंप नावाचा एक गोलेम नेमलाय, म्हणजे भाजलेल्या मातीचा, शेकडो वर्षं जुना, कधी न थकणारा पुतळा. मॉइस्ट त्याला ऐटीत सांगतो, मी कधी कुणावर शस्त्र उचललं नाही. त्यावर पंप शांतपणे हिशोब मांडतो: तू 2.338 माणसं मारली आहेस. अपूर्णांकात! तू बुडवलेल्या पैशांनी, तू मोडलेल्या धंद्यांनी कुणाकुणाचं आयुष्य किती घटलं, त्याची ती बेरीज. वाचताना आधी हसू येतं. मला नंतर आपले शेजारचे काका आठवले. फोनवरच्या त्या 'पोलिसां'नी त्यांची ठेव लुबाडल्यापासून ते सकाळी फिरायला येत नाहीत, हे तुम्हीच सांगितलंत. आपण म्हणतो, पैसेच गेले ना, जीव तर वाचला. पंपाच्या हिशोबात असलं वाक्य बसत नाही.

खलनायकही तुमच्या ओळखीचा वाटेल. क्लॅक्स म्हणजे मनोऱ्यामनोऱ्यांवरून झडपा उघडमीट करून संदेश पाठवायची यंत्रणा, त्यांचं तारखातंच म्हणा. ती रीचर गिल्ट नावाच्या शेठने गिळंकृत केलीय. देखभाल बंद, दर चढे, मनोऱ्यांवर माणसं मरतायत. त्याच्या खांद्यावरचा पोपट 'साडेबारा टक्के' ओरडतो. 2013 च्या जुलैत आपली तार बंद झाली त्या दिवशी तुम्ही घरात कुणाशी बोलत नव्हतात. तारेतल्या शुभेच्छांचे सांकेतिक आकडे पाठ असलेल्या माणसाला क्लॅक्सची सांकेतिक भाषा पहिल्या वाचनात कळेल, मला दोनदा वाचावी लागली. तिथे मेलेल्या कामगाराचं नाव मनोऱ्यांवरून सतत फिरवत ठेवतात, टोकाला पोचलं की परत फिरवतात. प्रॅचेट 2015 मध्ये अल्झायमरने गेला, तेव्हा त्याच्या वाचकांनी त्याचं नाव असंच इंटरनेटवर पानांच्या आड फिरतं ठेवलं. अजूनही फिरतंय.

सगळंच ग्रेट आहे असं नाही. नायिका अडोरा बेल फटकळ आणि झकास, पण प्रेमप्रकरण घाईत उरकलंय. विद्यापीठातले जादूगार आले की थोडी पानं नुसती चाळली तरी चालतील. तळटीपा मात्र गाळू नका, निम्मे विनोद तिथेच आहेत. प्रॅचेट एरवी प्रकरणं पाडत नाही, इथे पाडलीत, त्यामुळे दुपारी एकेक वाचून होईल.

आई, याच्यावर 2010 मध्ये दोन भागांची मालिकाही झाली. तुझा लाडका गुप्तहेर पॉयरो साकारणारा डेव्हिड सुशे, तोच त्यात गिल्ट झालाय. पण आधी पुस्तक, मग मालिका. शेवटचं पान आधी उघडायची तुझी सवय या वेळी आवर.

वाचून झालं की कट्ट्यावरच्या तुमच्या खात्यातल्या मित्रांना द्या, बाबा. फक्त नोंद ठेवा कुणाकडे आहे त्याची. मागच्या वेळी दिलेली दोन अजून परत आलेली नाहीत. आणि पार्सल किती दिवसांत पोचलं तेही कळवा, मी इथल्या काउंटरवर 'बाबा पोस्टमास्तर होते' सांगून आलेय.

तुमची,
मनू