पावडरीआधी पाण्याचं तापमान बघा

संपादक महोदय,

इको-फ्रेंडली म्हणून महागडं डिटर्जंट आणणारे बरेच जण मशीन मात्र 60 डिग्रीवर लावतात, आणि अशा धुण्यात सगळ्यात जास्त वीज पाणी तापवण्यातच जाते हे कोणी बघतच नाही. आताच्या बऱ्याच पावडरींमध्ये एन्झाइम, म्हणजे डाग तोडणारी प्रथिनं, असतात, त्यातलं प्रोटीएज दूध-रक्ताचे डाग तोडतं, लायपेज तेलकट डाग, आणि ही मंडळी 30 डिग्रीलाही मस्त काम करतात, उलट पाणी फार कडकडीत झालं की तीच बाद होतात. (आजारी माणसाच्या चादरी वेगळ्या, त्या गरमच धुवा.) लिक्विडच्या बाटलीत तर बराचसा भाग नुसतं पाणीच, ते ट्रकमधून कशाला फिरवायचं? कंपन्यांनी हिरवी पानं छापण्यापेक्षा किती डिग्रीला धुवायचं ते मोठ्या अक्षरात छापावं.

– एक वाचक